लॅमिनेट केलेला पास

युरोपच्या रेल्वेचा आम्हा नवरा-बायकोचा कागदी पास मी पुण्यातच लॅमिनेट करून घेतला. प्रवासाच्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहायची असते, हे स्वित्झर्लंडच्या गाडीत तपासनीस समोर उभा राहिल्यावर कळलं. भल्या माणसाने स्वतःचं पेन दिलं. मी गिरवत राहिलो आणि प्लास्टिकवरून टोक नुसतं घसरत राहिलं. शेवटी त्याने पुढच्या स्टेशनवर उतरायला सांगितलं.

संताप त्याचा नाही आला, माझाच आला. घरी रिमोट पिशवीत, सोफा खोळीत, चांगले कप कपाटात. वस्तू खराब होऊ नये म्हणून ती वापरायचीच नाही, असल्या दळभद्री काळजीला मी जन्मभर टापटीप म्हणत आलो. खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर ऊन-वारा खात खुशाल उघडे उभे होते. मला त्यांचाही राग आला. त्यांच्यासाठीच तर बायको इतकी वर्षं थांबली होती, आणि आता त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधीच उतरावं लागणार होतं.

तिने बॅग खाली काढली. म्हणाली, "पास नीट ठेवा हो. अगदी तुमच्यासारखा झालाय. खराब होत नाही आणि उपयोगालाही येत नाही."