सीटखालची लिंबं

खाप्याहून नागपूरला येणाऱ्या रस्त्यावर त्या वर्षांत एक गाडी दिसायची. लांबून ती लाकडाची वाटायची. जवळ आली की कळायचं, लाकूडबिकूड काही नाही, पत्र्यावरच कुणीतरी फळ्यांचा तपकिरी रंग काढलाय. विलीज कंपनीची स्टेशन वॅगन. आधी ती मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाची होती आणि बळीराम तिचा ड्रायव्हर. साहेब आपल्या मुलखाला निघून गेला, गाडी शेडमध्ये गंजत पडली, तेव्हा बळीरामनं ती भंगाराच्या भावात घेतली. गाव हसलं. ज्याच्या आईला या गावानं कधी बैलगाडीत टेकू दिलं नाही, तो मोटारवाला झाला म्हणून हसलं. हसो बापडे. राग बळीरामच्या नाकावर असायचा, पण गाडीचं स्टिअरिंग हातात आलं की तो राग कुठल्या कुठे जायचा.

वर्षभर ती वॅगन नागपुरात पोटासाठी धावायची. लग्नाचं सामान, तीर्थाला निघालेली मोठाली कुटुंबं, सगळं तिच्यात मावायचं. बळीराम तिथंच, नंदनवन वस्तीत राहायचा. दसऱ्याला मात्र गाडी कुणाच्या भाड्याची नसायची. अंधार असतानाच तो खाप्याला जायचा आणि आपल्या माईला, भीमाबाईला, आणि तिच्या जोडीच्या म्हाताऱ्यांना घेऊन दीक्षाभूमीकडे निघायचा. पांढऱ्या लुगड्यांनी गाडी भरून जायची. बाया गाणी म्हणायच्या. दोन्हीकडे कपाशी, मग संत्र्याच्या बागा, मग कोराडीच्या वीजकेंद्राची धुराडी हळूच वर यायची, जणू कुणी झोपेतून उठून बसतंय. भीमाबाई कायम सगळ्यात मागे बसायची, मागच्या काचेकडे तोंड करून.

"समोर ये ना वं माय," बळीराम म्हणायचा.

"राहू दे. गाव मागं मागं जाते ते पाहाले मले बरं वाटते."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्टँडवरच्या साऱ्या टॅक्सींना झेंडूच्या माळा चढायच्या, नारळ फुटायचे, चाकाखाली लिंबं चिरडायची. बळीराम तेवढा ओल्या फडक्यानं गाडी पुसायचा, बस. शेजारी गणपतरावांची ॲम्बॅसेडर असायची. माणूस वाईट नव्हता, पण जीभ स्वस्थ बसायची नाही.

"बळीरामभाऊ, एक लिंबू तरी ठेव गा. लिंबाले काय जात असते?"

"लिंबाले नसते. ठेवनाऱ्याले असते."

"मंग गाडी कोनाच्या भरवशावर चालते तुही?"

"हे दोन हात आहेत, दोन डोळे आहेत. इतक्या वर्षांत एक खरचटा दाखव."

खरंच नव्हता. स्टँडवर हे त्याचं ठरलेलं भाषण होतं. नवा ड्रायव्हर आला की त्यालाही ते ऐकावं लागायचं.

त्या वर्षी दसरा आठवड्यावर आला असताना ड्रायव्हरच्या सीटची स्प्रिंग तुटली. स्टँडवरच त्यानं सीट उचलून उलटी केली. खालच्या काथ्यात लाल कापडाची एक पुरचुंडी शिवलेली होती. शेजारी दुसरी. मग आणखी. एक उसवली, तर आतून काळंठिक्कर वाळलेलं लिंबू, एक बिबा आणि काळा दोरा. दरसाल एक, अशी ओळच लागली होती.

गणपतराव वाकून बघत होते. "अरे वा," ते म्हणाले. "आता समजलं, दोन हात कोनाचे होते ते."

सगळा स्टँड हसला. बळीरामला हसू ऐकूच आलं नाही. तो टाके बघत होता. तिरपे, जवळजवळ, दर चौथ्यावर गाठ. लहानपणापासून याच टाक्यांच्या गोधडीत तो झोपला होता.

संध्याकाळी तो खाप्यात होता.

"दीक्षा घेतली तवा तू देव कन्हान नदीत सोडून आली होती ना वं? मी टोपलं धरून उभा होतो तुह्याजवळ."

"सोडले."

"मंग हे काय आहे? स्टँडवर माही अब्रू गेली. असे हात घेऊन दीक्षाभूमीवर कशाले येतं? यावर्षी मी तुले नेत नाही."

भीमाबाई भाकरी थापत होती. तिनं तोंड वर केलं नाही. "नको नेऊ. एस्टी आहे."

पोराचा राग कुठून आलाय, ते तिथंच दिसत होतं.

आठ दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. बायको जया म्हणाली, "गाडी घेतली कोनासाठी, ते तरी आठवा."  दसऱ्याला पहाटे वॅगन खाप्याला पोचलीच. जिजाबाई आणि बाकीच्या बाया चढल्या. मागची जागा तेवढी रिकामी राहिली.

गावाबाहेरच्या वळणावर ती दिसली. पांढरं लुगडं, काखेत पिशवी, एस्टीच्या थांब्याकडे ताठ चाललेली. बळीरामनं गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि तिच्या चालीनं सोबत चालवत राहिला.  कपाशीवर उजेड उतरत होता.

"बस, माय."

"तू आपल्या दोन हातानं जा."

"बस म्हनतो ना."

ती थांबली. गाडीही थांबली.

"देव मी सोडले गा, आन् त्याचं मले काही वाटलं नाही," ती म्हणाली. "पन तू रस्त्यावर असला का मले झोप लागत नाही. ती झोप कोनाजवळ मागू, ते सांग."

  बळीरामनं हात लांबवून पुढचं दार उघडलं.

"समोर बस. तूच पाह्य रस्ता."

ती चढली. तिनं डॅशबोर्डवर हात ठेवला आणि कोराडीपर्यंत तो उचलला नाही. समोरून कोळशाचा ट्रक आला की म्हणायची, "हळू." बैलगाडी दिसली की म्हणायची, "वाजव." मागं पळणारा रस्ता पाहत आलेली ती बाई पहिल्यांदाच समोरून येणारा रस्ता बघत होती. डोळे मिटायला तयार नव्हते. मागं जिजाबाईनं गाणं धरलं. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालली होती.

दीक्षाभूमीजवळ गर्दीच गर्दी. एका झाडाखाली त्यानं वॅगन लावली आणि मागचं झाकण खाली पाडलं. त्याचा ओटा झाला, त्यावर बाया बसल्या. ऊन चढलं होतं, सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. भीमाबाईनं पिशवीतून एक ताजं, पिवळंधमक लिंबू काढलं. यंदाचं. बळीरामनं पाहिलं, तिनंही त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं विळीऐवजी दातानंच ते फोडलं, गडूतल्या पाण्यात पिळलं, भाकरीसोबत आणलेलं मीठ टाकलं आणि पहिला पेला त्याच्यासमोर धरला.

त्यानं तो एका दमात पिऊन टाकला.

"कसं झालं?"

"आंबट."

"लिंबूच आहे गा ते," भीमाबाई म्हणाली. "आंबटच राहीन."

परत निघताना ती कुणी न सांगता पुढच्या सीटवर जाऊन बसली.