बैलासारखा पारखलेला सीडी प्लेअर

आमचा शेजारी कुंडलिक म्हसा गावच्या जत्रेत बैलापुढे उभा राहिला, की विकणाऱ्याचा जीव वरखाली होतो. कुंडलिक बैलाचे दात बघणार, पाठीवर थाप मारणार, चार पावलं चालवणार आणि मग मान हलवणार. त्या मानेवर गावातल्या बैलजोड्या ठरतात. तेवढाच काय तो त्याचा मान. घरात मीठ कुठल्या डब्यात असतं ते त्याला अजून ठाऊक नाही.

२००३ साली त्याच्या पोरीची, रेश्माची हळद ठरली, तेव्हा तो म्हणाला, "बँजो पार्टी नको. सीडी प्लेअर घेऊ. मी पारखून आनतो."

त्याची बायको गिरजावहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "हळदीत अडखळला ना, तर तुमाला परत जत्रेला कोन नेनार नाय."

मुरबाडच्या दुकानात मी त्याच्याबरोबर होतोच. असली मजा मी सोडत नाही. स्वस्तातले चार प्लेअर पुढे आले. कुंडलिकने एकेक तळहातावर तोलला. बटण दाबून सीडीचा ट्रे बाहेर काढला, आत डोकावला, बोटाने हलवून बघितला.

"काका, दात नसतात त्याला," दुकानदार म्हणाला.

कुंडलिकने ढोलकीची सीडी लावायला सांगितली आणि चक्क रस्ता ओलांडून, पाठ करून, रसाच्या गाड्यापाशी उभा राहिला. चारही प्लेअर ऐकून परत आला.

"ह्याची ढोलकी पोटातनं येते. आनि जड हाय. जड म्हंजे अंगात काय तरी हाय."

अंगात काय आहे ते मीच शोधलं. घरी आल्यावर स्क्रू काढले, तर तळाला एक लोखंडी पट्टी. ना तिला वायर, ना काही काम. नुसतं वजन. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत पाणवठ्यापासून गिरणीपर्यंत बातमी पोचली: कुंडलिकने भंगार विकत आणलं.

दोन दिवस तो ओट्यावर बसला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि हळूच म्हणाला, "लडकू, हळदीला तुजाच प्लेअर लाव."

माझा कल्याणहून आणलेला, चपटा, चंदेरी. तेव्हा हसायला नको होतं. पण हसलो.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात टेबलावर माझा प्लेअर बसला. दोन गाणी झकास झाली. तिसऱ्याला बायका उठल्या, मग पुरुष, मग रेश्माच्या आत्या. जमीन हादरायला लागली, टेबल थरथरलं आणि गाणारी बाई एकाच अक्षरावर अडकली. नाचणारे हात वर करून जागच्या जागी उभे. सगळे माझ्याकडे बघतायत.

"बघत काय बसलाव, भावोजी?" गिरजावहिनी आतून कुंडलिकचा प्लेअर छातीशी धरून आली. "तुमची ही हलकी काडी उचला."

तो लावला. मग लोक असे नाचले की वरचा बल्बसुद्धा झोके घेत होता, पण ते भंगार जागचं हललं नाही. ढोलकी पोटातनं येत होती. कुंडलिकने प्लेअरच्या पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली.

त्या हिवाळ्यात म्हशाला त्याला तिघांनी बैलासाठी नेलं, आणि एकाने त्याआधी शहापूरला, प्लेअर पारखायला.

मी काय केलं? माझ्या प्लेअरवर वरवंटा ठेवला. आता अडखळत नाही. फक्त चटणी वाटायची असली की आधी गाणं बंद करावं लागतं.