गिरिजाताईंच्या व्हॅनचं पेडल

काशीनाथदादा चहा उभ्यानेच पितो. रिक्षात मागे बसला तरी उजव्या पायाने ब्रेक दाबल्यासारखं करतो. माणसाशी बोलताना त्याच्या गाडीच्या टायरकडे बघतो. आवळलेला नट पुन्हा एकदा आवळतो. दुरुस्त झालेली गाडी निघाली की गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहतो, मागचा लाल दिवा लागला की मगच हात पुसतो. काम अर्धं टाकून जेवायला जात नाही. मंदावहिनी डबा आणतात, तो गार होतो, त्या परत नेतात, गरम करून पुन्हा आणतात.

गोडदेवला आमच्या इमारतीच्या खाली त्याचं गॅरेज आहे. एक गाळा, बाकी रस्ता. वयाने तो माझ्या दुप्पट, तरी आमची दोस्ती आहे. मी मराठी घेऊन एम.ए. झालो म्हणून मला कविराज म्हणतो.

तो संगमेश्वरकडचा. शाळा सोडून इकडे आला आणि एका गॅरेजमध्ये काम शिकला. तिथून सकाळी दुरुस्त होऊन गेलेली एक गाडी संध्याकाळी चेपलेली परत आली. आतल्या माणसाचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही. यानेही विचारलं नाही. तेव्हापासून त्याला एकच भीती आहे. आपल्या हातून गेलेली गाडी थांबायच्या वेळी थांबणार नाही.

काल, रविवारी, गिरिजाताईंची व्हॅन गॅरेजसमोर होती. त्या इंद्रलोक सोसायटीतली मुलं शाळेत सोडतात. दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडणार होती. सुट्टीतच काशीनाथदादाने क्लचचं रबर बदललं होतं. पण पेडल टिकत नव्हतं. पाइपातली हवा काढली की घट्ट, थोड्या वेळाने पुन्हा मऊ. मऊ झालं की क्लच दाबलेला असूनही गाडी हळूच पुढे सरकायची. शनिवारी ती अशीच सोसायटीच्या गेटमध्ये सरकली होती. पुढे वॉचमनची खुर्ची होती. खुर्ची आडवी झाली. वॉचमन पाणी प्यायला गेला होता.

"उद्या तिथे पोरं उभी असणार," गिरिजाताई म्हणाल्या. "काशीभाऊ, मला खरं सांगा. होणार का?"

"होणार."

"परवापण हेच म्हणालात."

"परवा झालंच होतं. मग उतरलं."

"माझ्या नवऱ्याच्या रागासारखं," त्या म्हणाल्या. तो हसला नाही. व्हॅनखाली गेला.

मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तो खालून ओरडायचा, "दाब. सोड. दाब. धर." मी धरलं की तो हवा काढायचा खालचा निपल उघडायचा. तेल नळीतून बाटलीत यायचं. पहिल्यांदा दोन-तीन बुडबुडे आले, नंतर एकही नाही. पेडल दगडासारखं झालं.

मग वाट बघायची. त्याला ते जमत नाही. तो गाळ्यात गेला, बाहेर आला. पाने उचलले, तिथेच ठेवले. मला म्हणाला, "दाब." पेडल निम्मं आत गेलं.

खाली थेंबही पडला नव्हता. मी पेडल दाबलं तेव्हा त्याने रबरी पाइप मुठीत धरून बघितला. पाइप फुगत नव्हता. वरच्या डबीतलं तेल जेवढं होतं तेवढंच.

"बाहेर जात नाही," तो म्हणाला. "म्हणजे आतल्या आत मागे सरकतंय. वरच्या सिलिंडरचं रबर तेल धरत नाही."

"पण ते तर नवीन आहे," मी म्हणालो.

"हो ना."

त्याने सिलिंडर काढला, उघडला. आतलं रबर बोटावर घेऊन उजेडात धरलं. काळा वाटाणा रात्रभर भिजवल्यावर दिसतो तसं ते दिसत होतं. फुगलेलं, नखाने दाबलं की खड्डा राहणारं. कडेला पिवळा डाग होता. त्याने वास घेतला.

"मंदा," त्याने हाक मारली.

वहिनी डबा घेऊन येतच होत्या.

"खंडेनवमीला ही रबरं पूजेत होती?"

"सगळंच होतं. दरवर्षी असतं."

"पाकिटातून काढलीस?"

"पाकिटाला काय हळदकुंकू वाहायचं? काढली, तेलाचं बोट लावलं, पुसून परत भरली. तुम्हीच म्हणालात, सगळ्याला तेल लाव."

तो म्हणालाच होता. मी तिथे होतो. पाने, पकड, हातोडे पुसून फळीवर मांडले होते आणि तो झेंडूची माळ बांधत होता. ह्या रबरांना फक्त ब्रेक ऑइल चालतं, दुसरं कुठलंही तेल लागलं की ती फुगतात आणि कामातून जातात, हे त्यानेच मला मागे कधीतरी सांगितलं होतं. वहिनींना सांगायचं त्याच्या डोक्यात आलं नसावं. बसवताना रबर जरा घट्ट जात होतं, तेव्हा तो म्हणाला होता, नवीन आहे, घट्टच असणार.

"आणखी कुठली होती?"

"हे पाकीट, आणि ते सदूचं."

सदू गोडदेव गावातलाच, टेम्पो चालवतो. दिवाळीनंतर त्याच्या टेम्पोच्या ब्रेकमध्ये नवी रबरं टाकली होती. काशीनाथदादाने त्याला फोन लावला. घंटी वाजत राहिली. सदूच्या घरी लावला. लाद्या भरून ठाण्याला निघालाय, असं त्याची बायको म्हणाली. म्हणजे घोडबंदरचा घाट.

काशीनाथदादाने स्कूटर काढली. हातही पुसले नाहीत.

"अहो, माझी गाडी?" गिरिजाताई म्हणाल्या.

"ही उभी आहे, ताई. ती चालतेय."

संध्याकाळी त्याचा फोन आला. सदू घाटाच्या अलीकडे टपरीवर भेटला होता. मागून सदूचा आवाज येत होता, "अरं काय व्हत न्हाय. दोनदा दाबला का लागतंय ब्रेक."

"ऐकलंस?" काशीनाथदादा म्हणाला. "दोनदा दाबला की."

"आता तू परत ये. इथे पूजेनंतर आणलेलं नवीन पाकीट आहे, व्हॅनचं होऊन जाईल."

"ह्याच्या टेम्पोचं रबर आज मिळत नाही. दुकानं बंद."

"चावी काढून घे ना."

"सदूला चावी लागत नाही. मी इथून हललो की हा निघेल." मग म्हणाला, "मंदाला सांग, जेवलो म्हणून."

तो आला नाही. टेम्पोच्या केबिनमध्येच झोपला. आज सकाळी मी खाली आलो तेव्हा गिरिजाताई व्हॅनला टेकून फोनवर बोलत होत्या. "नहीं भाभी, आज गाडी नहीं आयेगी. नहीं नहीं, मेरी तबियत ठीक है." फोन ठेवून दुसरा लावत होत्या.

मी म्हणालो, नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावू का? हे विचारताना माझं मलाच बरं वाटत नव्हतं.

"नको," त्या म्हणाल्या. "ते येतील तेव्हा करतील."

व्हॅन जॅकवर आहे. सिलिंडर दोन तुकड्यांत गाळ्याच्या फळीवर पडलाय. पेडल दाबलं तर तळापर्यंत जातं आणि तिथेच राहतं. नव्या रबराचं पाकीट अजून फोडलेलं नाही.