ठेंगण्या गाडीवरचा ऊस: हिंगोली ते वसमत आणि परत

लोक देवदर्शनाला निघतात, लग्नाला निघतात. आम्ही दोघं वसमतला निघालो ते गाडी विकायची की ठेवायची, याचा निकाल लावायला.

माझी गाडी म्हणजे जुनी, पांढरी, आठशे सीसीची डबी. शेजारी उभा राहिलो तर तिचा टप माझ्या खांद्याला लागतो, आणि मी काही उंच माणूस नाही. शाळेत कवायतीच्या रांगेत उंचीनुसार उभं करायचे तेव्हा पहिला नंबर कायम माझा. आयुष्यात तेवढाच पहिला नंबर. गेल्या महिन्यात हिंगोलीच्या बाजारात ती उभी असताना एका जीपनं मागं येता येता तिचा दिवा फोडला. जीपवाला उतरला, काचा पाहिल्या, आणि खरंच वाईट वाटून म्हणाला, "दिसलीच न्हाई हो काका."

मिलिंद, माझा मुलगा, त्याच संध्याकाळी म्हणाला, "बाबा, आता बस्स. सगळ्या गाड्या उंच झाल्या. वरून तुमी कुणाला दिसतच न्हाई. एक गिऱ्हाईक आहे, देऊन टाकू."

मी पुष्कळ भांडलो. शेवटी तह झाला. एकदा वसमतला जाऊन यायचं, सोबत त्याची आई बसेल, आणि परत आल्यावर ती सांगेल तसं करायचं. वसमत मीच निवडलं, कारण तिथं माझा शाळेतला दोस्त करीम राहतो. वाटलं, गाडीचा शेवटचा प्रवास ठरलाच तर निदान त्याच्या दारापर्यंत व्हावा.

फेब्रुवारीतली सकाळ, सातची वेळ. हजाराचं पेट्रोल टाकलं, आणि ते जाऊन-येऊन उरलं, हे आधीच सांगून ठेवतो. रस्ता सोपा आहे: हिंगोलीहून औंढा, तिथून शिरड शहापूर, पुढं वसमत. न थांबता गेलं तर दोन तासांच्या आत पोचता. आम्ही न थांबता कुठंच जात नाही. गावोगावचे गतिरोधक मात्र सांभाळा. बहुतेकांवर पट्टे नाहीत, आणि बुटक्या गाडीचं पोट सरळ चढलं की घासतं. गाडी तिरकी घालावी, एकेक चाक चढवावं, म्हातारा माणूस पायरी चढतो तसं.

दोन्ही बाजूंना हरभरा सोलायला आलेला, मधूनच एखादा पळस पेटलेला. असलं काही दिसलं की मला पाचवीचं पुस्तक आठवतं, त्यातला कवितांचा भाग, पानांचा तो वास. मी गुणगुणायला लागलो.

"समोर बघा," कमल म्हणाली.

माझी बायको म्हणजे कमल. त्या दिवशी ती बायको कमी आणि पंच जास्त होती. मांडीवर पर्स, एक हात दाराच्या मुठीवर.

आता मोठ्या गाड्या आमच्यासारख्यांशी कशा वागतात ते लिहितो. उंच पांढरी गाडी आली की आरशात फक्त तिचे दिवे दिसतात, माणूस दिसत नाही. ती इतकी चिकटते की तिच्या इंजिनाचा श्वास आपल्या मानेवर येतो. मग एक लांब हॉर्न, आणि आपण मुरमावर. एसटीचे ड्रायव्हर त्यातल्या त्यात बरे. ते वरून खाली बघतात, हातानं 'सरका' म्हणतात, गेल्यावर हात वर करतात. टेम्पोवाले बघतही नाहीत. आणि मोटारसायकलवरच्या पोरांना आम्ही म्हणजे फुकटची करमणूक.

औंढ्याच्या अलीकडं एकानं शेजारी येऊन विचारलं, "काका, किल्ली भरून चालते का ही?"

त्याच्या मागचा म्हणाला, "काहून थट्टा करून राहिला बे? काका, उतरल्यावर खिशात ठेवता येते ना?"

कमल हसली. मीही हसलो. पण त्यानंतर लगेच एका वळणावर समोरून ट्रकला ओलांडत दुसरा ट्रक आमच्याच बाजूनं आला. आम्ही रिकामी जागा असल्यासारखा तो सरळ येत राहिला. मी गाडी बाभळीच्या झुडपात घातली. काटे काचेवर करकरले. कमलनं डोळे मिटले होते.

"एक," ती म्हणाली.

मला कळलं, डोळे किती वेळा मिटले ते ती मोजते आहे. औंढ्याला पोचेपर्यंत दोन झाले. तिथं देवळाबाहेर गाडी लावायला जागा भरपूर, सावली मात्र कमी. चहा दहा रुपये, वाफाळता आणि आलं ठेचून घातलेला.

शिरड शहापूरच्या आसपास उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. या दिवसांत हा रस्ता कारखान्याचाच असतो. तिसऱ्यांदा डोळे मिटले ते एका ट्रॉलीला ओलांडताना. आणि चौथी वेळ लिहिताना अजूनही हात थांबतो.

पुलाच्या चढावर एक चहाची टपरी आहे. तिथं उसाची एक ट्रॉली उभी होती, पुढच्या ट्रॅक्टरच्या चाकांमागं दगड लावलेले. तिच्या मागं मोकळी जागा दिसली म्हणून मी गाडी लावली. बुटक्या गाडीनं करू नये अशी हीच एक गोष्ट, आणि मी ती केली. कमलचे गुडघे दुखत होते, ती आतच बसली. मी तिचा चहा घ्यायला टपरीशी गेलो. तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं दगड काढले, वर चढला, मागं पाहिलं, त्याला ऊसच दिसला, आणि त्यानं इंजिन सुरू केलं. चढावरची भरली ट्रॉली पुढं निघण्याआधी मागं घसरतेच. ती घसरली.

टपरीवाल्या बाईनं हातातल्या झाऱ्यानं पातेल्यावर धडाधड बडवायला सुरुवात केली. "बाळू! आरं बाळू! थांब! मागं बाई हाय!"

ट्रॉली थांबली. उसाची टोकं आमच्या पुढच्या काचेपासून वीतभर होती. पाचटाचा एक तुकडा काचेला लागून हलत होता.

बाळू उतरून मागं आला आणि गाडी बघून त्याचा चेहराच उतरला. पस्तिशीचा असेल. "दिसलीच न्हाई हो काका," तो म्हणाला. मग कमलकडं वाकून, "मावशी, लागलं का? माफ करा. वरून खरंच न्हाई दिसत."

कमलनं माझ्या हातातला चहा घेतला. मला वाटलं, संपलं. इथूनच गाडी परत फिरवावी आणि किल्ली मिलिंदच्या हातात द्यावी.

पण बाळू जागचा हलेना. गाडीभोवती एक चक्कर मारली, टपावरचं जुनं कॅरिअर हलवून पाहिलं. मग ट्रॉलीतला एक लांबलचक ऊस ओढून काढला, त्याचा बुडखा मागच्या बंपरवर टेकवला आणि सुतळीनं कॅरिअरला उभा बांधला. शेंड्याला लाल फडकं.

"आमी उसाच्या टोकाला फडकं बांधतो ना, मागच्याला दिसावं म्हनून," तो म्हणाला. "ह्या रस्त्यानं मानसाकडं कुनी बघत न्हाई काका. फडक्याकडं बराबर बघतात."

मला जरा लाजच वाटली. पण पुढच्या दहा मिनिटांत चमत्कार झाला. मागून उंच गाडी आली आणि हातभर नव्हे, चांगली दोन बैलगाड्यांइतकी मागं राहिली. समोरचा टेम्पो आपल्या बाजूला सरकला. एका एसटीवाल्यानं तर थांबून आम्हाला पुढं जाऊ दिलं. मी पुन्हा गुणगुणायला लागलो. कमल समोर बघत होती, पण मूठ सुटली होती.

वसमतच्या अलीकडं साखर कारखान्याचा फाटा लागतो. तिथं मी दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये होतो, उजव्या हाताला तिसरी भरलेली ट्रॉली. त्या ट्रॉलीपलीकडं एक माणूस शिट्टी वाजवत गाड्या आत वळवत होता. त्याला आमची गाडी दिसणं शक्यच नव्हतं. त्याला दिसलं उसाचं टोक आणि त्यावरचं लाल फडकं. त्यानं जोरात शिट्टी मारली, हात केला, पुढचा ट्रॅक्टर वळला, मागचा हॉर्न देऊ लागला, आणि मी वळलो. पाच मिनिटांत आम्ही कारखान्याच्या रांगेत होतो. डावीकडं पाण्याची चारी, उजवीकडं दुसरी रांग. मागं फिरायला वाट नाही.

हळूहळू रांग सरकायची. दर वेळी मागचा ड्रायव्हर उंचावरून ओरडायचा, "सबूर, सबूर! फडकं हाय पुढं!" आणि अंतर ठेवून थांबायचा. उन्हात रसाचा गोड, जरा आंबूस वास भरून राहिलेला. मला ओळी सुचल्या, म्हणून दाखवल्या:

"ठेंगणी माझी गाडी, लांबच लांब वाट,
पुढे उसाचा डोंगर, मागे उसाची लाट."

"आन् मधी आपली खाट," कमल म्हणाली. "डबा काढा आता. इथंच मुक्काम दिसतो."

धपाटे आणि ठेचा खाल्ला. या मोसमात या रस्त्यानं येणार असाल तर डबा आणि पाणी जवळ ठेवाच, हा अनुभवाचा सल्ला. तासाभरानं शिट्टीवाला वही घेऊन आमच्यापर्यंत पोचला. वहीतच बघत म्हणाला, "गाडी नंबर? ऊस कोनाचा?" मग मान वर केली, परत खाली घातली. "आयला! ही तर कार हाय!"

"तुम्हीच आत घेतलं," मी म्हणालो.

"आन् ऊस कुठाय?"

"वर. एकच आहे."

तो एवढा हसला की शिट्टी तोंडातून पडली. बाजूच्या ट्रॅक्टरवाल्यांना त्यानं बोलावून दाखवलं. "बघा रे! एका उसाला नंबर लावलाय काकानं! वजनकाट्यावर घ्यायचा का?" पण त्याच लोकांनी उतरून दोन ट्रॉल्या पुढं-मागं केल्या आणि आम्हाला वाट करून दिली. कमल पदर तोंडाला लावून हसत होती. इतकं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

करीम वसमतच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवतो. वखारींसमोर हळदीची पोती उतरत होती, सगळी गल्ली त्या वासानं पिवळी झालेली. तो दारातच उभा होता. उंच, आता थोडा वाकलेला.

"क्या रे, ऊस लेके आया? लोक पेढे आणतात!"

आम्ही दोघं डोंगरकडा गावच्या शाळेत एका वर्गात होतो. मला कविता सगळ्या पाठ असायच्या, पण पुढच्या बाकावर मी इतका खाली असायचो की माझा हात गुरुजींना दिसायचाच नाही. करीमला एकही ओळ यायची नाही. तो मागच्या बाकावरून उठून ताडताड पुढं यायचा, माझं मनगट धरून उंच करायचा आणि ओरडायचा, "गुरुजी, ह्याला येतंय!" मग गुरुजी मला स्टुलावर उभं करायचे.

हे आम्ही दर भेटीत एकमेकांना सांगतो. भाभींनी वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढली, आणि जेवताना करीमला सगळं सांगितलं: जीप, मिलिंद, ट्रॉली, रांग.

"ऊस दोन दिवसांत वाळेल," तो म्हणाला. "पक्कं करून देतो."

पडद्याची एक हलकी नळी त्यानं काढली. मग रंगाचा प्रश्न आला. "भगवा लावला तर लोक एक म्हणतील. हिरवा लावला तर दुसरं, निळा तर तिसरं. लाल लावला तर परत कारखान्यात नेतील." शेवटी त्यानं शाळेच्या गणवेशाच्या कापडाची गठडी उपसली. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा तुकडा काढला, चारी बाजूंनी दुहेरी शिवण घातली, नळीवर ओवला आणि नळी स्वतः कॅरिअरला तारेनं आवळली. हात उंच करायला त्याला त्रास होत होता. मी धरू का म्हणालो तर म्हणाला, "तुझा हात पोचतो का तिथं?"

तीन वाजता निघालो. परतीचा रस्ता तोच, पण कुणी चिकटलं नाही, कुणी मुरमावर उतरवलं नाही. फाट्यावर शिट्टीवाल्यानं ओळखून सलाम ठोकला. शिरड शहापूरला टपरीवाल्या बाईनं चहाचे पैसे घेतले नाहीत. पुढं एक मोटारसायकलवाला शेजारून बराच वेळ झेंड्याकडं बघत राहिला.

"काका, कोनता पक्ष हाय हा?"

"ठेंगण्यांचा," कमलनं खिडकीतून सांगितलं. "येतो का?"

"मी उंच हाय ना मावशी!" म्हणत तो पुढं गेला.

सूर्य बुडायच्या आत घरी पोचलो. मिलिंद फाटकातच उभा. गाडीभोवती फिरला, दारं, बंपर, दिवे, सगळं बघितलं. बाभळीच्या काट्यांचे ओरखडे त्याला सापडले. त्यावर बोट फिरवून त्यानं आईकडं पाहिलं.

"खरं सांग आई."

कमलनं चपला काढल्या, ओट्यावर बसली, गुडघे दाबले. मी किल्ली हातातच धरून उभा होतो. खोटं सांग असं मी तिला म्हणालो नसतो, आणि म्हणालो असतो तरी तिनं सांगितलं नसतं.

"जाताना चार वेळा डोळे मिटले मी," ती म्हणाली. "चौथ्या वेळी वाटलं, आपण काही घरी जात न्हाई."

मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. मी किल्ली पुढं केली.

"थांबा की," कमल म्हणाली. "येताना एकदाबी न्हाई मिटले. औंढ्याच्या पुढं तर झोपले होते मी." मग मिलिंदला, "अंधार पडायच्या आत घरी, ट्रॉलीमागं गाडी लावायची न्हाई, आन् हे फडकं काढायचं न्हाई. एवढं ऐकत असतील तर राहू दे. पुढच्या महिन्यात मला माहेरी जायचंय."

मिलिंद फोन घेऊन अंगणाच्या कडेला गेला. "न्हाई, देत न्हाईत सध्या," एवढं ऐकू आलं. परत आला तेव्हा हातात पक्कड होती. करीमची तार जरा सैल झाली होती, ती त्यानं आवळली.

आता सकाळी उठून खिडकीत बसतो तेव्हा कंपाउंडच्या भिंतीपलीकडं गाडी दिसत नाही. चौकड्यांचं कापड तेवढं वर दिसतं, वाऱ्यानं हलत असतं. बाळूचा ऊस आम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशीच सोलून खाल्ला. शेंड्याकडचा भाग जरा अळणी होता, बुडखा मात्र गोड.