वाळूच्या पेटीतले पट्टे

सर शनिवारी लेकीकडे कायमचे राहायला जाणार, ही बातमी मावशींना सोमवारी कळली. या माणसाचे आभार मानायचे सव्वीस वर्षं राहूनच गेले होते. आणि तोंडाने आभार मानणाऱ्यांतल्या मावशी नव्हत्या. त्यांचं तोंड विद्यार्थ्यांना झापण्यासाठी राखीव होतं.

मावशी कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. शिक्षण सातवी. लागल्या त्या झाडायला-पुसायला. पहिल्याच आठवड्यात कपाटातला एक आरसा धुरकट वाटला म्हणून त्यांनी तो ओल्या फडक्याने असा काही घासला, की चांदी फडक्यावर आली. घरच्या आरशाची चांदी काचेच्या मागे असते. इथल्या आरशांची पुढे असते आणि बोट लागलं तरी खराब होते, हे त्यांना कोण सांगणार? मावशींनी मनातल्या मनात गाशा गुंडाळला. तिथे शिकवणाऱ्या सरांनी ती काच उजेडाकडे धरली, आरपार पाहिलं आणि म्हणाले, "वाया नाही गेली, बाई. आता ही थोडा उजेड परत पाठवते आणि बाकीचा पुढे सोडते. मला अशीच एक हवी होती. या, दाखवतो." त्या कामाला खिडकीची साधी काचही चालते, हे मावशींना फार उशिरा कळलं.

त्या दिवशी सरांनी टेबलावर जे मांडलं, त्याचं नाव इंटरफेरोमीटर. मावशींनी लगेच त्याचं 'पट्टेवाला' असं बारसं केलं. त्याचं काम सरळ आहे. लेझरचा लाल किरण तिरक्या ठेवलेल्या काचेवर पडतो आणि त्याचे दोन होतात. एक समोरच्या आरशाकडे जातो, दुसरा बाजूच्या. दोघं आपापल्या आरशावरून माघारी फिरतात, त्याच काचेपाशी पुन्हा भेटतात आणि एकत्र भिंतीवर जातात. प्रकाश ही लाट आहे. दोघांच्या लाटा जोडीने उठल्या तर भिंतीवर उजेड, एकीचा चढ दुसरीच्या उतारावर आला तर अंधार. म्हणून भिंतीवर लाल-काळे पट्टे उमटतात. एक आरसा केसाच्या जाडीच्या दोनशेव्या भागाएवढा जरी सरकला, तरी अख्खा एक पट्टा पुढे जातो. "म्हणजे हा चहाडखोर आहे," मावशी म्हणाल्या होत्या. सर त्यावर दिवसभर हसत होते. पुढची वीस वर्षं त्यांनी मावशींना हाताला धरून सगळं शिकवलं.

सर निवृत्त झाले आणि मग त्यांचे डोळे गेले. कडेचं थोडं दिसे, पण जिथे बघावं तिथे मधोमध काळा डाग. सोमवारी मावशी त्यांच्या घरी जाऊन म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा प्रयोगशाळेत या. पट्टे दाखवते."

"आंधळ्यापुढे नाचून काय उपयोग, बाई?" सर म्हणाले. एवढा कडू बोलणारा माणूस तो नव्हता. मावशी चहा न घेताच उठल्या.

पण मावशींचा हट्ट म्हणजे काय, हे त्यांच्या घरच्यांना विचारा. सुट्टीमुळे कॉलेज रिकामं होतं. मंगळवारी त्यांनी स्कूटरच्या दोन जुन्या ट्यूब अर्धवट फुगवून टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्यावर वाळूने भरलेली लाकडी पेटी बसवली, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचा हादरा वर पोचत नाही. भंगारातल्या झेरॉक्स मशीनमधून पुढून चांदीचे दोन आरसे काढले, कडांना धरून. प्लास्टिकच्या पाइपच्या तुकड्यांना ते चिकटवून वाळूत रोवले. मधोमध तिरकी काच उभी केली. तिच्यापासून दोन्ही आरसे सारख्याच अंतरावर हवेत, ते त्यांनी सुतळीने मोजलं. एका आरशाच्या मागे पोलादी पट्टी लावली. तिचा स्क्रू फिरवला की आरसा जेमतेम सरके. लेझर लावला, तर भिंतीवर लाल ठिपके उमटले चार. काचेच्या मागच्या बाजूचे दोन फिके सोडून दिले, ठळक दोन एकमेकांवर आणले आणि वाटेत भिंग बसवलं. पट्टे आले. आले, पण ठरेनात. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, तरी सरकतच होते. शेवटी मावशींच्या लक्षात आलं, की त्या पेटीवर वाकून श्वास टाकत होत्या आणि वाटेतली हवा ऊन होत होती. त्या लांब झाल्या, पट्टे थांबले.

आता राहिला मुख्य प्रश्न. बुधवारी संध्याकाळी त्यांनी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या धाकट्या दिराला गाठलं. "डोळ्यांचं काम कानांनी झालं पाहिजे."

"एवढंच ना, वहिनी? मला वाटलं उसनी भांडी मागायला आलात." त्याने उजेड ओळखणारं बटणाएवढं एक यंत्र छोट्या स्पीकरला जोडून दिलं. उजेड वाढला की सूर चढे, अंधार झाला की उतरे. मावशींनी ते भिंतीवर, पट्ट्यांच्या मधोमध चिकटवलं.

शनिवारी सकाळी सरांची लेक टॅक्सी बोलावत होती, तेवढ्यात मावशी दारात. "अर्धा तास द्या, ताई. नंतर यांना घेऊन जा, मी अडवणार नाही." लेकीने घड्याळ पाहिलं, मग वडिलांचा चेहरा पाहिला आणि स्वतःच त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

प्रयोगशाळेत मावशींनी सरांना खुर्चीत बसवलं आणि त्यांची बोटं स्क्रूवर ठेवली. "फिरवा. हळू."

सूर चढला, उतरला. पुन्हा चढला. सरांचा हात थांबला. काय ऐकतोय ते त्यांना कळलं होतं. चेहराच सांगत होता. त्यांनी पुन्हा स्क्रू फिरवायला घेतला. ते कानांनी मोजत होते, मावशी भिंतीवर बघून.

"एक्केचाळीस," सर म्हणाले.

"चाळीस, सर."

"पुन्हा."

पुन्हा तेवढाच स्क्रू, उलट्या दिशेने. या वेळी मावशींचेही एक्केचाळीस आले.

"मघाशी पापणी लवली असेल तुमची," सर म्हणाले. "डोळ्यांवर इतका भरवसा ठेवू नये, बाई." आणि ते हसले. तिकडे दाराशी त्यांची लेक आपला मोबाइल हातात धरून नुसती उभी होती, कारण कितीतरी महिन्यांनी ती हे हसू बघत होती.

मावशींनी पाच दिवस एक वाक्य घोकून ठेवलं होतं. त्या पेटीवर वाकल्या, "सर, तुम्ही नसतात तर," एवढं म्हणाल्या आणि तिथेच अडून मोठमोठे श्वास टाकायला लागल्या.

स्क्रूला कोणाचाही हात नव्हता, तरी स्पीकरचा सूर चढायला-उतरायला लागला. सरांनी मान कलती केली, दोन क्षण ऐकलं आणि वर्गातल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, "बाई, रडायचं असेल तर जरा मागे सरून रडा. पट्टे हलताहेत."

मावशी दोन पावलं मागे सरल्या आणि तिथून त्यांनी ते वाक्य एकदाचं पुरं केलं.