एका दमाचं गाऱ्हाणं

आमचे मामा देवाशीसुद्धा भांडणाच्या सुरात बोलत. मसुऱ्याजवळच्या आमच्या वाडीत देवळातलं गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचा मान त्यांचा. सगळं गाऱ्हाणं एका दमात, आणि ते थांबले की लोकांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. कोणी उशिरा ओरडला तर जागच्या जागी त्याची हजेरी घेत. “मी थांबलंय की आरडायचा. अर्थ लावीत बसा नकात!”

त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. मी बारावीला आपटलो त्या वर्षी भर जत्रेत त्यांनी माझ्यासाठी मागणं मागितलं, “बा म्हाराजा, ह्या माझ्या भाच्याक अकल दी. ती तुझ्याकडे शिल्लक नसात, तर तेका निदान खंयतरी नोकरीक चिकटव!” सगळी वाडी आनंदाने ‘होय म्हाराजा’ म्हणाली. मला त्यांचा अतोनात राग यायचा. जीवही तेवढाच होता.

अशा माणसाच्या नेमक्या फुप्फुसात गाठ निघाली. श्वासनळी दाबली गेली, खोकल्यातून रक्त पडू लागलं, आणि मामा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागले. गाऱ्हाणं दुसऱ्याकडे गेलं. त्याचं गाऱ्हाणं ऐकून मामा धापा टाकत म्हणाले, “हो गाऱ्हाणा घालता, काय भाजी निवडता?”

मी त्यांना गोव्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, “नेमका गाठीवरच किरणांचा शेक देऊ. दम कमी लागेल, झोप येईल. गाठ कायमची जाईल असं मात्र म्हणत नाही.” मामा इस्पितळात शुद्ध मराठी बोलत. “डॉक्टरसाहेब, मला फक्त एका दमात गाऱ्हाणं घालता आलं पाहिजे. बाकी तुम्ही आणि देव बघून घ्या.”

शेक म्हटल्यावर मामी घरी मिठाची पुरचुंडी तापवून छातीवर ठेवायला लागली. मामा उसळले, “एक बाजू थंय भाजली, दुसरी तू भाज. मी काय बांगडो?” डॉक्टरांनी मग मामीला चांगलंच झापलं. पुढे काही दिवस मामांना पेजसुद्धा गिळवेना, अंगात त्राण नव्हतं. पण हळूहळू रक्त थांबलं, आणि एका सकाळी ते अंगणात येऊन म्हणाले, “गो, आज मी आडवो निजलंय!” मामी चुलीपाशी बसून रडली.

जत्रेपर्यंत दम पुन्हा आखडत चालला होता. शेकाने फुप्फुसाला सूज येते, असं डॉक्टर म्हणाले. तरी मामा हट्टाने देवळात उभे राहिले. सुरुवात झोकात झाली. मग आवाज उतरला, “बा म्हाराजा, जन्मभर ह्येंच्यासाठी मागलंय. आज माझ्यासाठी मागतंय. माका इतक्यात घेवन जाव...”

आणि दम संपला.

“होय म्हाराजा!” देऊळ दणाणलं. सगळ्यांत मोठा आवाज मामीचा होता. नवरा पुन्हा उभा राहिलेला बघून ती पोटतिडकीने ओरडली होती. मामांचं ‘नको’ मागाहून आलं, खोकल्यात. ते शेजारी उभ्या असलेल्या मला आणि मामीलाच ऐकू आलं. तोवर नारळ फुटायला लागले होते.

थंडी सरायच्या आत मामा गेले. मामी आजही जत्रेला जाते, पण गाऱ्हाणं सुरू झालं की तोंडात पदराचा बोळा घट्ट धरून उभी राहते.