आहेरातली होडी

बारशाच्या आहेरात व्याह्यांना हवा भरायची होडी देणारी वरमाई अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच झाली, आणि ती मी. वर ती होडी लहान मुलांची निघाली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे जे झालं त्याचा दोष कुणी आमच्या व्याह्यांना द्यायला नको. तेव्हा मी तरुण होते, साठी नुकतीच उलटली होती. मोबाइलवरून वस्तू मागवायला नुकतीच शिकले होते आणि त्यामुळे जगात आपल्याला न कळण्यासारखं आता काही उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

आमचे व्याही, म्हणजे सुनेचे वडील. इतका चिकित्सक माणूस देवाने दुसरा घडवला नसणार. घडवला असता तर यांनी तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला असता आणि सांध्यात खोट आहे म्हणून परत पाठवला असता. उभी नोकरी नाशिक रोडच्या छापखान्यात, छापून आलेल्या कागदातले दोष शोधण्यात गेली. व्याही निवृत्त झाले, पण त्यांचे डोळे काही झाले नाहीत. पापड भाजण्याआधी उजेडात, दुकानदाराने दिलेली पावती उजेडात, एकदा तर माझ्या हातचं थालीपीठही उजेडात. "मधे भोक पाडलंय, ते मुद्दाम ना?" असं त्यांनी अगदी आदराने विचारलं होतं. लग्न ठरवायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी आमच्या मुलाची पत्रिका उचलली आणि गॅलरीत जाऊन उन्हाकडे धरली. मला वाटलं, ग्रह बघताहेत. मी पदर सावरून, मान ताठ करून बसले, मुलाची आई म्हणून जेवढं ताठ बसता येतं तेवढी. बऱ्याच वेळाने आत येऊन ते म्हणाले, "कागद चांगला आहे." आणि लग्न ठरलं. मला तो अपमान की पसंती हेच पुढे कित्येक दिवस कळेना, म्हणून मी दोन्ही धरून चालले आणि लग्नात दोन्हींचा वचपा काढला.

या माणसाने जगात एकच गोष्ट कधी तपासली नाही, ती म्हणजे पाणी. दर रविवारी दारणा धरणाच्या फुगवट्यावर जायचं, गळ टाकायचा आणि दुपारपर्यंत बसायचं. गळाला लावायची कणीक स्वतः मळायची, त्यात बडीशेप कुटून घालायची, मुरायला ठेवायची. त्यांच्या बायकोला सगळे माई म्हणतात. माई म्हणायच्या, "घरातल्या पोळ्या वातड झाल्या तर चालतील यांना. माशांची कणीक मऊ पाहिजे." मासा क्वचितच लागायचा. रिकाम्या हाताने परत आले की व्याही बूट काढता काढता सांगायचे, "आज आले नाहीत," जणू काही पाहुण्यांनाच ऐनवेळी काम निघालं असावं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालंय, फिरा. पण गुडघा काही काढून उन्हात धरता येत नाही, त्यामुळे व्याह्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. काचेचं भांडं नेल्यासारखा ते तो पाय नेऊ लागले. धरणाचा काठ उतरता, वर चिकणमातीचा. तिथे उभं राहायचं तर सगळा भार गुडघ्यावर. त्यांनी जाणंच सोडलं. गळ कपाटामागे गेले आणि व्याही गॅलरीत, खालून जाणाऱ्या रिक्षा बघत. सून माहेराहून उदास होऊन यायची. एकदा म्हणाली, "आई, बाबा आता कणीकसुद्धा मळत नाहीत हो."

अशात कुणीतरी त्यांच्या डोक्यात हवा भरायच्या होडीचं खूळ घातलं. बसून मासे धरायचे, उभं राहायचं कामच नाही. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. माईंनी फक्त एक अट घातली. नाशिक रोडला, जेल रोडवर त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. "तुम्ही आणि तुमची होडी, दोघं एका फेरीत जिना चढून आलात पाहिजे. मी काही होडीचं दुसरं टोक धरायला खाली येणार नाही." म्हणजे होडी हलकी हवी. इथून निवड सुरू झाली, आणि ती निवड अशी काही चालली की तेवढ्या काळात सुनेला दिवस गेले, डोहाळजेवण झालं, नात जन्माला आली, पण होडी काही जन्माला येईना.

रविवारी आता ते धरणाऐवजी आमच्याकडे, गंगापूर रोडला यायचे. चहा पुढे आला की व्याख्यान सुरू. "विहीणबाई, हलकी होडी म्हणजे पातळ कापड. पातळ कापडाला काठावरचा बाभळीचा एक काटा बास. जाड कापड घेतलं तर काटा हरतो, पण मग जिना जिंकतो." मी मान डोलवायची. "हवेचे कप्पे वेगवेगळे पाहिजेत. एक फुटला तर बाकीचे आपल्याला घरी आणतील. आणि तळ कडक हवा, मऊ तळाच्या होडीत माणूस बसत नाही, रुततो." पुढच्या रविवारी वाऱ्याचा विषय. फार हलकी होडी वारा नेईल तिकडे जाते, "म्हणजे मी गळ टाकणार इकडे आणि मासा लागणार घोटीला." एकदा ते केशरी लाइफ जॅकेट घालूनच आले. आमच्या दिवाणावर चादरीची हद्द आखून त्यात बसले, हातात माझी छत्री गळासारखी धरली आणि वळायला जागा किती लागते ते बघू लागले. तेवढ्यात शेजारच्या बाई वाटीभर साखर मागायला आल्या, त्या साखर न घेताच गेल्या. दोन होड्या घरी मागवूनही झाल्या. एकीची हवेची झडप त्यांना पसंत पडली नाही, दुसरीचे सांधे चिकटवलेले होते, वितळवून जोडलेले नव्हते. दोन्ही परत.

मी वैतागून म्हटलं, "व्याहीबुवा, होडी घेताय की जावई शोधताय?"

"छे छे," ते शांतपणे म्हणाले, "जावई शोधायला एवढा वेळ लागला नव्हता."

त्या उत्तराने मी पेटले. बारसं जवळ आलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बारसंही नाशिक रोडला, आणि आहेर घेऊन जाणार आम्ही. माईंना पैठणी, सुनेला साडी, बाळाला चांदीचे वाळे. व्याह्यांना दर वेळी सफारीचं कापड देतात, त्याऐवजी या वेळी होडीच द्यायची, मी ठरवलं. मोबाइलवर एक सापडली. वजनाला हलकी, रंगाने पिवळीधमक, आत बसलेला माणूस पाय पसरून मजेत. चष्मा हाताशी नव्हता, म्हणून त्या माणसाला मिशा आहेत असं मी गृहीत धरलं. तो दुसरी-तिसरीतला मुलगा होता हे मला फार पुढे कळलं.

बारशाच्या दिवशी व्याह्यांना खुर्चीवर बसवून टोपी घातली, टिळा लावला आणि खोकं हातात दिलं. त्यांनी वरची अक्षरं वाचली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एवढा चिकित्सक माणूस, पण त्यांनी ते खोकं उजेडात धरलं नाही, उलटंसुलटं केलं नाही. मांडीवर ठेवलं, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "हलकी आहे, विहीणबाई. फारच हलकी आहे."

मुलाच्या आईने दिलेल्या आहेराला नाव ठेवायचं नसतं. तो परत करायचा नसतो, आणि एकदा तरी वापरून दाखवायचा असतो. हा नियम त्यांना पाठ होता. मला तर फारच. दर फोनला माझं एकच, "आमचा आहेर वापरलात की नाही?" सून बिचारी मधे पडायची, "आई, जाऊ दे ना, थंडी आहे." मी म्हणायची, "थंडीचं होडीला काय?" असली मी! आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी रस्ता ओलांडून पलीकडून जाईन.

शेवटी एका रविवारी आम्ही सगळेच धरणावर गेलो. व्याह्यांनी जॅकेट घातलं, पायाने पंप मारला आणि होडी फुगत फुगत पूर्ण झाली तेव्हा तिच्या तळावर हसरा देवमासा उमटला. होडी आमच्या परातीपेक्षा फार मोठी नव्हती. मला एकदम सगळं कळलं. "व्याहीबुवा, राहू द्या," मी म्हटलं. "अहो, नका जाऊ," माई म्हणाल्या. सुनेने तर बाळाला माझ्याकडे देऊन त्यांचा हातच धरला. पण त्यांनी तो सोडवला. "आहेर आहे. एकदा वापरायचा असतो," एवढंच बोलले आणि जावयाचा, म्हणजे आमच्या पोराचा, आधार घेऊन बसले. ऑपरेशनचा पाय मुडपून आत मावेना, म्हणून तो होडीबाहेर तोफेसारखा सरळ. आमच्या पोराने हलकेच ढकललं.

होडी काठापासून थोडी लांब गेली आणि तिने काय करावं? ती गोल फिरायला लागली. एकदा आमच्याकडे तोंड, एकदा डोंगराकडे. मग मागच्या बाजूने फुस्स असा आवाज आला. देवमासा हळूहळू घडी होऊ लागला आणि व्याही मधोमध खाली खाली, एका हातात गळ उंच धरलेला. जॅकेटमुळे ते तरंगतील हे मला कळत होतं, तरी मी बाळाला छातीशी घट्ट आवळलं. पोरगा पाण्याकडे धावला. व्याही मात्र आरडाओरडा करत नव्हते, उठतही नव्हते. पाय खाली टेकवायचीच त्यांना भीती वाटत होती, माणूस होडीसकट बुडायला तयार, पण त्या गुडघ्यावर उभं राहायला नाही.

पलीकडे एक बाई शेळ्यांना पाणी पाजत होती. तिला आमचं सगळं आधीपासून दिसत असणार. ती ओरडली, "ओ बाबा, उभे ऱ्हा ना! कमरेएवढंच हे पाणी!"

व्याह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं. मग, कसे कोण जाणे, उभे राहिले. खरंच कमरेएवढं होतं. पोरगा हात द्यायला पोचायच्या आत त्यांनी एक पाऊल टाकलं, थांबले, जणू खालून काही उत्तर येतंय का बघत होते. मग दुसरं पाऊल. असे ते चिखल तुडवत, गळ वर धरून, दुसऱ्या हाताने होडीचं कातडं ओढत काठावर आले. माई आता मला काय काय ऐकवतील या भीतीने मी बाळाच्या दुपट्यात तोंड घातलं. माईंनी नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "चपला कुठायत तुमच्या?"

"आत, पाण्यात," व्याही म्हणाले.

"नव्या होत्या," माई म्हणाल्या, आणि तिथेच दगडावर बसून इतकं हसल्या, इतकं हसल्या की शेवटी पदराने डोळे पुसायला लागल्या. मग आम्हीही हसलो, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. त्या दिवशी डब्यातल्या दशम्या इतक्या गोड कशा लागल्या, ते सांगता यायचं नाही.

त्यानंतर जेमतेम आठवडा गेला असेल, व्याह्यांनी होडी घेतली. हिरव्या रंगाची, तीन कप्प्यांची, फुगवायच्या पण कडक तळाची. पाठीवर पिशवी टाकून, कठडा धरून, न थांबता तिसरा मजला चढले. माई वर दारात ताम्हण घेऊन उभ्या होत्या. वल्ह्याच्या कड्या थोड्या सैल आहेत, हे ते मला आजही सांगतात, पण होडी परत पाठवायचं नाव काढत नाहीत. आता रविवारी आमच्याकडे चहाला कुणी येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या व्याख्यानाविना मला चुकल्यासारखं होतं.

माफी मात्र मी कधी मागितली नव्हती. मुलाच्या आईने व्याह्यांची माफी मागायची नसते, हेही मला त्या तरुण वयात पाठ होतं. नात आता शाळेत जाते. परवा तिला घेऊन आम्ही धरणावर गेलो. व्याही काठावर उभे राहून गळाला कणीक लावत होते, उतारावर, चांगले दोन्ही पायांवर. मी जवळ जाऊन म्हटलं, "व्याहीबुवा, त्या होडीचं चुकलंच हो माझं. काही बरंवाईट झालं असतं तर?"

त्यांनी कणकेची गोळी बोटांत दाबली, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाले, "होडीचं सोडा हो, विहीणबाई. मी चालत आलो ना बाहेर, ते पाहिलंत की नाही तुम्ही?"